जिवंत मुलीच्या दारावर

माझ्या धाकट्या भावाच्या बायकोला मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ती वारलेली होती.

आज ती ठणठणीत आहे. उडदाची डाळ घोटते, मुलांना धपाटे घालते, आणि हे छापून आलं की मलाही दोन शब्द ऐकवील. पण त्या दुपारी, एरंडोलच्या पुढच्या त्या गावात, ती गेली याबद्दल आमच्यापैकी कुणालाही तिळमात्र शंका नव्हती. आम्ही तिच्या दारात बसून रडलो होतो. साधंसुधं नाही, गळा काढून!

आधी माझ्याबद्दल सांगायला हवं. मी धुळ्याला पाटबंधारे खात्यात कारकून होतो. खात्याच्या धरणांत पाणी साठायचं आणि माझ्यात मतं. ती तुंबली की मी वर्तमानपत्रात वाचकांच्या सदराकडे सोडून द्यायचो. देश कुठे चालला आहे, परदेशी थंड पेयांच्या बाटल्या आपल्या पाणपोईची जागा कशा घेत आहेत, छपरावरच्या छत्र्यांतून घरात काय काय गळतं आहे, कशावरही लिहायचो. गल्लीत माझं नाव 'अग्रलेख' पडलं होतं. (मला वाटायचं, आदराने पडलं आहे.)

माझा खास राग होता तो एकदिवसीय क्रिकेटवर. माझं मत पक्कं होतं: पाच दिवसांचा सामना म्हणजे वडीलधाऱ्यांनी ठरवून केलेलं लग्न. सगळे विधी यथासांग, मधे जेवण, मधे चहा, आणि निकाल लागलाच पाहिजे असा कुणाचा हट्ट नाही. एकदिवसीय म्हणजे प्रेमविवाह. सकाळी धावपळ, दुपारी आरडाओरड, संध्याकाळी कुणीतरी एक रडतंय! त्यात ते रंगीत कपडे. मला ते खेळाडू दिसले की शाळेच्या लेझीम पथकाची आठवण यायची.

असल्या माणसाच्या घरात प्रल्हाद, माझा धाकटा भाऊ, लग्नाचा राहिला होता. वडील गेले तेव्हा तो पाटी-पेन्सिलच्या वयाचा. त्याला मीच वाढवला. एका शाळेत चित्रकला शिकवायचा, स्वभावाने गाय, दिसायला बरा. तरी लग्न जमेना. कारण उघड होतं, फक्त मला दिसत नव्हतं. मुलगी बघायला गेलो की पोह्यांची ताटली हातात पडायच्या आत मी मुलीच्या बापाला देशाच्या परिस्थितीवर बोलतं करायचो, आणि पोहे संपेपर्यंत आमचं वाजलेलं असायचं. एका स्थळी तर टीव्हीला फुलांची माळ घातलेली पाहून मीच उठून आलो होतो. (नंतर कळलं, टीव्ही नवा होता. पूजा केली होती.)

शेवटी प्रल्हाद एके दिवशी जेवता जेवता म्हणाला, "भाऊ, आता हे एक स्थळ. हे मोडलं तर मी कुणाच्या खाटेवर बसून पोहे खाणार नाही. कायमचा."

तो कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशीही चढवला नाही. म्हणून मला जास्त लागलं. रात्रभर मला झोप नव्हती, हे मी कबूल करतो.

तरी जित्याची खोड! मध्यस्थ दगडूभाऊंनी दिवस विचारला, तेव्हा मी मुद्दाम मोठ्या मॅचचाच रविवार दिला. म्हटलं, ज्या घरात त्या दिवशी टीव्ही बंद असेल, तेच घर आपलं! दगडूभाऊंचा चेहरा पडला. "त्याच दिवशी?" एवढंच म्हणाले. "त्याच दिवशी," मी म्हणालो. एरंडोलच्या पुढच्या फाट्यावर आम्हाला घ्यायला येतो म्हणून ते गेले.

निघालो तिघं. मी, प्रल्हाद आणि आमची थोरली बहीण अक्का. अक्काची ओळख करून द्यायची तर आमच्याकडची एक रीत सांगावी लागेल. मयताच्या घरी भेटायला जाण्याला आम्ही 'दारावर जाणं' म्हणतो. घर दिसू लागलं की बायका तिथूनच गळा काढतात, गेलेल्याचे गुण गात गात रडतात. या कामात अक्काचा हात, म्हणजे गळा, धरणारं सगळ्या तालुक्यात कुणी नव्हतं. लोक तिला लग्नाचं आवतण विसरतील, पण दारावर यायचा निरोप विसरायचे नाहीत.

एसटी पारोळ्याला जवळजवळ रिकामी झाली. एरंडोलला उरलीसुरलीही. दुकानांच्या फळ्या लावलेल्या. रस्त्यावर माणूस नाही. बाजाराच्या गावात भर रविवारी माणूस नाही, हे मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. फाट्यावर उतरलो तर दगडूभाऊंचा पत्ता नाही. चहाची टपरी उघडी होती. स्टोव्ह फरफरत होता, भांड्यात चहा उकळून उकळून काळा झाला होता, आणि चहावाला नव्हता. मी हाका मारल्या. माझीच हाक समोरच्या कापसाच्या जिनिंगच्या भिंतीवर आपटून परत आली. प्रल्हादने पुढे होऊन स्टोव्ह बंद केला. त्या शांततेत स्टोव्हचा आवाज बरा होता असं मला वाटलं.

चैत्राचं ऊन, बाराची वेळ. कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचे ढीग रचलेले, त्यांतून गरम वारा शीळ घालत जायचा. आम्ही चालू लागलो. अक्काने पदराला कडुलिंबाची डहाळी खोचली.

"भिका, मांगे देखू नको," ती म्हणाली. "दुपारनी येळ शे."

पन्नाशीला टेकलेल्या, राजपत्रित अधिकाऱ्यांच्या टिपणीत स्वल्पविराम सुधारणाऱ्या माणसाला 'भिका' म्हणणारी ती एकटीच. मी अंधश्रद्धेवर चार शब्द बोलणार होतो. पण मागे मात्र पाहिलं नाही.

गाव लागलं. पहिल्या घराच्या पडवीत झोळी बांधलेली, ती आपोआप हलत होती. आत पोर नव्हतं. पुढे एका ओट्यावर अर्धवट वळलेल्या शेवया, त्यावर माश्या. विहिरीच्या काठावर भरलेली घागर, दोर तसाच लोंबलेला. दारं सगळी उघडी, माणूस एकही नाही. एक कुत्रा पडला होता. त्याने डोळे उघडले, आम्हाला पाहिलं आणि न भुंकता पुन्हा मिटले. खानदेशातला कुत्रा परक्या माणसावर भुंकत नाही म्हणजे काय!

"गाव बठ्ठं कोठे गयं रे?" अक्का कुजबुजली.

तेवढ्यात तो आवाज आला. एका घरातून नाही, सगळ्या गावातून एकदम. भिंतींच्या आतून, बंद खिडक्यांतून, जमिनीखालून आल्यासारखा एकच मोठा उसासा उठला, "आऽऽऽई गं!" आणि विरून गेला. पुन्हा शांत. मी प्रल्हादचा हात धरला. (तो म्हणतो, मी त्याच्या कडेवर चढायच्या बेतात होतो. चित्रकार माणूस, काहीही रंगवतो.)

प्रल्हादने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. "भाऊ, मला वाटतं हे बहुतेक..."

"गप्प बैस!" मी म्हणालो. माझं आयुष्य या दोन शब्दांपायी फुकट गेलं आहे.

आणि मग आम्हाला मुलीचं घर दिसलं. दारात चपलांचा ढीग होता. ढीग म्हणजे ढीग. एवढ्या चपला एका दारात कधी असतात, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

ओसरीत सतरंजीवर पुरुष बसले होते. डोक्यावर ओले पंचे, माना खाली, कुणी कुणाशी बोलत नाही. मुलीचे वडील नाना भिंतीला टेकून बसले होते. यांना मी एकदा पारोळ्याच्या बाजारात भेटलो होतो. तेव्हा त्यांनी घातलेला राम राम कापसाच्या गाड्या ओलांडून पलीकडे ऐकू गेला होता. त्या माणसाने आता फक्त डोळे वर केले. डोळे ओले होते. त्यांनी ओठावर बोट ठेवलं आणि बसायची खूण केली. कुणी उठलं नाही, कुणी 'या' म्हटलं नाही, कुणी राम राम घातला नाही.

आता आमच्याकडे राम राम फक्त एकाच घरी घालत नाहीत. दारावर. तिथे 'या बसा' नसतं, निघताना 'येतो' नसतं. आणि कोण गेलं हे विचारायचं तर मुळीच नसतं. विचारलं म्हणजे तुम्हाला ठाऊक नव्हतं, ठाऊक नव्हतं म्हणजे तुम्ही जवळचे नव्हते! मी खिशातला रुमाल डोक्याला बांधला आणि सतरंजीच्या कडेला बसलो. प्रल्हादला ओढून खाली बसवला. छताचा पंखा करकरत फिरत होता. आतल्या एका दाराच्या फटीतून निळसर उजेड थरथरत होता, समईचा नाही, कशाचा ते कळेना. आवाज कसलाच नाही. इतकी माणसं इतकी गप्प बसलेली मी स्मशानातही पाहिली नाहीत. तिथे निदान पावसापाण्याच्या गप्पा असतात.

नानांच्या घरच्या बाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. डोळे लालभडक. अक्काने तांब्या घेता घेता अगदी हळू विचारलं, "आंडेर कोठे शे?"

आंडेर म्हणजे मुलगी. बाईंनी बंद खोलीकडे बोट दाखवलं, तोंडाला पदर लावला आणि मान हलवत परत गेल्या.

संपलं! अक्काने माझ्याकडे पाहिलं, मी अक्काकडे. ज्या मुलीला बघायला आलो, तीच!

त्या क्षणी मला काय झालं ते सरळ सांगतो. मुलीला मी पाहिलंही नव्हतं. पण शेजारी प्रल्हाद बसला होता, नवा शर्ट घालून, भांग नीट पाडून. 'आता हे एक स्थळ' म्हणालेला. वडिलांच्या माघारी मी त्याला अंघोळ घालायचो तेव्हा तो असाच मुकाट बसायचा. डोळ्यांतून पाणी आलं, खरं पाणी. आणि तिकडे अक्काने पदर डोक्यावर ओढला, मान मागे टाकली आणि गळा काढला.

"अवं मनी सोनानी पुतळी वंऽऽऽ! हायदना आंगे पिवळी पडनी वंऽऽऽ!"

हळद लागायच्या आधीच पिवळी पडली म्हणून आळवणारा तो स्वर छताला भिडला. बाहेरचा कुत्रा आता भुंकला. माझाही हुंदका सुटला, तोही जरा वरच्या पट्टीतच, कारण अक्काशेजारी हळू रडलेलं दिसत नाही.

आणि बंद खोलीच्या आतून एक किंकाळी आली.

तरुण बाईची. मग धडाधडा पावलं. दार भाडकन उघडलं, आणि निळ्या उजेडात उभी राहिली ती. केस मोकळे, कमरेपर्यंत. डोळे मोठाले. दोन्ही हात वर, बोटं ताणलेली. कपाळावर कुंकू, अंगावर नवी कोरी साडी, सवाष्णीला शेवटची नेसवतात तशी!

अक्काचा सूर 'वंऽऽ' वरच अडकला. मी उठलो. नक्की कुठे पळायचं होतं ठाऊक नाही, पण तांब्या लवंडला, मी त्यावरून घसरलो आणि एका जाडजूड काकांच्या मांडीत पडलो.

"कोनी हालू नका!" नाना गरजले. "जागा सोडू नका!"

"नाना!" ती मेलेली मुलगी ओरडली. "फुटनी! जोडी फुटनी!"

"कव्हय?"

"आतेच! त्या मावशीनी गळा काढा, आनि तो आउट व्हई गया!"

मग जे झालं ते मी ओल्या सतरंजीवरून, काकांच्या मांडीतून ऐकलं. सकाळपासून समोरच्या संघाची जोडी जमली होती, काही केल्या फुटत नव्हती. नानांचा अनुभव असा की त्यांनी टीव्हीकडे पाहिलं की चौकार जातो. त्यांच्या भावाचा अनुभव असा की कुणी बोललं की षटकार जातो. म्हणून गावातले निम्मे जाणते पुरुष ओसरीत टीव्हीकडे पाठ करून, ओठ शिवून, जागा न सोडता बसले होते. टीव्हीचा आवाज बंद. आत फक्त मुलगी, सुमन. तिने पाहिलं तर चालतं असं ठरलेलं. पाहुणे आले तरी राम राम नाही, कारण राम राम म्हणजे बोलणं आलं! बाकीचं गाव टीव्ही असलेल्या घरांत कोंडून बसलेलं, मघाचा उसासा त्यांचाच. बाईंचे डोळे लाल होते ते आमच्यासाठी मिरच्या भाजून. दगडूभाऊ? ते जाडजूड मांडीवाले काका म्हणजे दगडूभाऊच होते. पंच्याखालून माझ्याकडे अपराधी नजरेने पाहत होते.

"अक्का," नाना हात जोडून म्हणाले, "थांबू नका. आखो रडा!"

"आरे पन मयत कोन शे?" अक्का म्हणाली.

"मयत?"

ओसरी पुन्हा चिडीचूप झाली. ही शांतता आधीच्यापेक्षा वाईट होती. स्वयंपाकघराच्या दारात मघाशी तांब्या आणणारी सुमनची आई येऊन उभी होती, हातात उलथनं. तिला सगळ्यांच्या आधी कळलं.

"मनी जित्ती आंडेरना दारमा गळा काढा!" तिने उलथनं अक्कावर रोखलं. "देखाले उनात का तिले पोचाडाले? हाई सोयरिक माले नको!"

तिचं काय चुकलं? दारात काही नसताना गळा काढणं म्हणजे मरणाला बोलावणंच. पंच्यांखाली चेहरे पांढरे झाले. पंखा तेवढा करकरत होता. मला वाटलं, खरंच आपण काहीतरी आत बोलावून घेतलं, आणि ते आता दारात चपला काढतं आहे. मी प्रल्हादकडे पाहायची हिंमत केली नाही. मोडलं. याही वेळी माझ्याचमुळे.

पण प्रल्हाद जागेवर नव्हता. एवढ्या गोंधळात, एवढ्या अपशकुनात, हा प्राणी त्या खोलीच्या दारापर्यंत पोचला होता आणि सुमनच्या खांद्यावरून आत टीव्हीकडे पाहत होता.

"काढला कुणी? ऑफस्पिनरने?" त्याने विचारलं.

"नही," ती म्हणाली. "डावखुरानी."

"डावखुऱ्याला आणला? मी सकाळपासून म्हणतोय!"

सकाळपासून! म्हणजे एसटीत हा खिडकीला डोकं लावून बसला होता तेव्हा झोपला नव्हता! (पुढे कळलं, खिशात छोटा ट्रान्झिस्टर होता; एरवी तो घरी चित्रकलेच्या कागदांखाली असायचा. माझ्या घरात! 'अग्रलेखा'च्या घरात!)

सुमनने त्याच्याकडे पाहिलं. नीट, वरपासून खालपर्यंत, आम्ही मुली बघतो तसं. मग ती आईकडे वळली आणि साळसूदपणे म्हणाली,

"माय, तुले सांगाले भुलनू. सकायले पानी भरतांना माले कावळा शिवना व्हता."

आई थबकली. कावळा डोक्याला शिवला की ते मरणाचं लक्षण, आणि त्याला उतारा एकच. नातेवाइकांना माणूस गेल्याचा खोटा निरोप धाडायचा, त्यांना रडवायचं. ते खरं रडले की बला टळते, उलट आयुष्य वाढतं. हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक.

"तुना मामाले निरोप धाडना पडता," आई हळूहळू म्हणाली. "आते कसाले? हाई तं खरं रडनात!"

आणि त्या बाईने उलथनं खाली ठेवून अक्काच्या पायाला हात लावला. ओसरीभर सुस्कारा सुटला. नाना म्हणाले, "मंग आते गळा काढाले हरकत नही!"

पुढची दुपार मी विसरायचा प्रयत्न करतो. अक्का रडत होती आणि गडी बाद होत होते. तिचा घसा बसला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तत्त्वाचा माणूस. मी म्हणालो, एकदिवसीय क्रिकेटला माझा जाहीर विरोध आहे. नाना म्हणाले, "विरोध राहू द्या, भाऊ. रडा." दगडूभाऊंनी माझ्या पाठीत हलकासा धपका घातला. मी रडलो. आमच्या संघाची पाळी आली तेव्हा कुणीतरी चौकार मारला आणि मी रडायचा थांबलो, तर सगळे ओरडले, "हासू नका!" जिंकेपर्यंत मला हसू दिलं नाही. जिंकल्यावर गाव बाहेर आलं, माणसांनी गल्ली भरली, आणि सुपारी फुटली ती त्याच ओल्या सतरंजीवर. मुलीला मी एकही प्रश्न विचारला नाही. विचारायला आवाजच उरला नव्हता.

परतीच्या एसटीत अक्का घोगऱ्या आवाजात म्हणाली, "कावळा बिवळा काई शिवना नही तिले. डोयामा हासू व्हतं. पोर हुशार शे." प्रल्हाद खिडकीबाहेर बघत होता. कान लाल झाले होते.

लग्न झालं, संसार मांडला. बरीच वर्षं सुमन माझ्यापुढे कमीच बोलायची, रीतच तशी. पण ताटात माझ्या भाकरीवर तूप नेहमी इतरांपेक्षा जास्त. मला वाटायचं, थोरल्याचा मान. मग एकदा वाढता वाढता तिनेच सांगितलं.

"भाऊ, तुमना पहिले लई पाव्हना येल व्हतात. कोनी मनी चाल देखी, कोनी सुईमा दोरा ओवाले लावा, आनि पोहा खाईसन चालना गयात. तुमीच एकला, माले न देखताच मनासाठे रडनात. तव्हयच मी मनमा म्हनं, कावळा शिवना म्हनीसन सांगू."

मी घास हातात धरून बसलो. तिला सांगायला हवं होतं की बाई, मी तुझ्यासाठी नाही, माझ्या भावासाठी रडत होतो. शब्द अगदी ओठावर आले होते. आयुष्यभर मी कोणतंही मत पोटात ठेवलं नाही, विचारलेलं नाही की न विचारलेलं.

"आखो थोडं वाढू का?" तिने विचारलं.

मी ताट पुढे केलं.